पाच रियाल, थंड जागी ठेवावे

१२ ऑगस्ट १९९०, रविवार. अल सुलै, रियाध. दुपारची जेवणं आटोपल्यावर मेसमध्ये हजर : उस्मानमामा, मुख्य आचारी आणि आमच्या गावच्या मशीद कमिटीचे रियाधमधले खजिनदार, कुट्टी, हिशेबनीस, राहणार मलबार, रोमेल, फोर्कलिफ्ट चालवणारा, सगळ्या फिलिपिनोंच्या वतीने, आणि मी, इब्राहिम, स्टोअर व मेस सुपरवायझर. गैरहजर : मालक.

मालक गैरहजर होते म्हणूनच तर बैठक होती.

आमची कंपनी धान्य-किराण्याची. तांदूळ, डाळ, दूधपावडर, डबाबंद मासे असा माल बंदरातून यायचा, अल सुलैच्या गोदामात उतरायचा आणि तिथून शहरातल्या हॉस्पिटलांना, मजुरांच्या कॅम्पांना जायचा. दहा दिवसांपूर्वी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या होत्या. आमचे मालक अबू फहद बायकामुलांना घेऊन ताइफला गेले. ताइफ डोंगरावर, हवा थंड, आणि युद्ध तिथवर पोचणार नाही असं सगळेच म्हणत. जाताना त्यांनी चेकबुकही नेलं. चेकवर सही फक्त त्यांची चालायची. आमचे पगार रोख, पाकिटात घालून मिळत. जुलैची पाकिटं आलीच नव्हती, आणि इकडे सैन्याच्या मागण्या सुरू झाल्यामुळे काम दुप्पट झालं होतं. माल उधारीच्या चिठ्ठ्यांवर जात होता. पैसा कुठूनच येत नव्हता.

मी ताइफला फोन लावला.

"इब्राहिम! इथली हवा म्हणजे काय सांगू तुला," अबू फहद म्हणाले.

मी पगाराचं विचारलं.

"बुक्रा," ते म्हणाले. बुक्रा म्हणजे उद्या. सौदीत इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळत होतं की तो कितवा उद्या, हे त्या शब्दात सांगितलेलं नसतं.

बाहेरच्या वाचकांसाठी मेसचा धंदा थोडक्यात सांगतो. कॅम्पमधला माणूस रोज दोन वेळा जेवतो, त्याचे पैसे देतो, आणि जेवणाच्या खिडकीशेजारच्या कॅन्टीनमधून साबण, ब्लेड, सिगारेट घेतो. पैसे नसले की उधारी. माझ्याकडे उधारीची यादी होती. पण माणसं साठच्या वर, पाळ्या तीन, आणि खिडकी एक. प्रत्येकाचं नाव शोधून त्यापुढे लिहीपर्यंत मागची रांग गोदामाच्या दारापर्यंत जायची. चौथ्या दिवशी रांगेत हाणामारी झाली. यादीचं पान फाटलं आणि फाटलेल्या तुकड्यावर नेमकी सगळ्यात मोठी उधारी होती.

म्हणून मी ठरवलं, कूपनं काढायची. माणसाला आठवड्याची कूपनं हातात द्यायची, त्याने ती खिडकीत द्यायची, पगार झाला की त्यातून वळती करायची. काम सोपं होतं. फक्त कागद हवा होता, तोही असा की ज्याची नक्कल कोणी करणार नाही. आमच्या माणसांना मी ओळखून होतो. वहीच्या कागदावर सही करून दिली असती तर आठवड्याभरात कॅम्पमध्ये माझ्यापेक्षा सुबक सही करणारे दहा जण निघाले असते. छापखान्यात जायला रोख पैसे नव्हते.

मग मला मामांची पत्र्याची पेटी आठवली.

आमच्या रत्नागिरीकडच्या गावांची एक रीत आहे. गावातली जितकी माणसं आखातात, तितक्यांनी दर महिन्याला गावासाठी वर्गणी काढायची. मशीद, शाळेची भिंत, विहिरीवरचा पंप, सगळं या वर्गणीतून होतं. आमच्या वेळशेतची मशीद तेव्हा अर्धी बांधून झाली होती, स्लॅब पडायचा होता. वर्गणीची पावती पुस्तकं गावाकडच्या छापखान्यातून आलेली : जाड गुलाबी कागद, वर ७८६ हा आकडा, मधोमध मशिदीचं फिकट चित्र, कोपऱ्यात छापील नंबर, आणि डाव्या बाजूला स्थळप्रत. नंबर आणि स्थळप्रत! हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

"अजिबात नाही," उस्मानमामा म्हणाले. "यावर काय आहे पाहिलंस का?"

"मामा, पावतीच आहे."

"मशिदीची पावती आहे. ही तू माणसांच्या खिशात घालणार. माणसं खिशासकट कुठे कुठे जातात, ते मी सांगायला हवं का?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी मामांनी अटी घातल्या : कूपन फाडायचं नाही. टेबलावरच्या सळईला टोचायचं नाही. जमिनीवर टाकायचं नाही. वापरून झालेलं प्रत्येक कूपन त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं, आणि सगळं संपलं की सगळी एकत्र गावी नेऊन खाडीत सोडायची. पवित्र कागदाची आमच्याकडे तशीच बोळवण करतात. मी घाईत होतो. हो हो म्हटलं.

आता शिक्का. कंपनीचा शिक्का ताइफला. गोदामात उरलेल्या शिक्क्यांपैकी एकच धड उठत होता. तो दूधपावडरीच्या खोक्यांवर मारायचा, अरबी आणि इंग्रजीत : थंड जागी ठेवावे. तोच मारला. खाली मी आकडा घातला आणि सही केली. अशा रीतीने रियाधच्या ऑगस्ट महिन्यात, मशिदीचं चित्र असलेलं, थंड जागी ठेवायचं पाच रियालचं कूपन चालू झालं.

पहिल्याच संध्याकाळी डोकेदुखी सुरू झाली. आमच्या कोकणातल्या मुलांनी कूपन देऊन सिगारेट घ्यायला नकार दिला. मशिदीच्या कागदावर विडी कशी घ्यायची? पण विडी तर हवी. मग ते कूपन मलबाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून सिगारेट घेऊ लागले, म्हणजे पाप मलबाऱ्याच्या वाट्याला. मलबारीही मुसलमानच होते, पण त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, आणि पाच रियालच्या कूपनाला चार रियालच्या सिगारेटी देण्यात त्यांना धर्माची अडचण दिसली नाही.

त्यानंतर रोमेलने कूपन बुटात ठेवलं. घामाने भिजू नये म्हणून ठेवलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बुटात घाम कमी येतो काय, ते मी विचारलं नाही. खिडकीवर त्याने बूट काढला, कूपन काढलं, आणि मामांनी हातातला डाव त्याच्या दिशेने फेकला. नेम चुकला म्हणून बरं. अर्धा दिवस फिलिपिनो जेवायला आले नाहीत. मी समेट केला : फिलिपिनोंसाठी प्लास्टिकच्या पिशव्या. म्हणजे खर्च आणखी.

सगळ्यात वैताग कुट्टीचा. हिशेबाचा साधा नियम आहे, परत आलेलं कूपन त्याच क्षणी रद्द झालं पाहिजे. कोपरा कापा, भोक पाडा, काहीही करा. मामा हात लावू देईनात.

"भाय, फाड़ेंगे नहीं तो ये मरेगा कैसे?" कुट्टी मला विचारायचा.

खरंच मरत नव्हतं. डब्यात ठेवलेलं कूपन दुसऱ्या दिवशी रांगेत पुन्हा दिसायचं. स्वयंपाकघरात जाणारा येणारा कोणीतरी डबा हलका करत होता. मी डब्याला कुलूप लावलं. किल्ली मामांनी कमरेला बांधली. मग मी रोज रात्री नंबर जुळवत बसायचो आणि शिव्या कोणाला द्यायच्या ते न कळून ताइफला देत असे.

ताइफहून सप्टेंबरात ट्रक आला. मी पळत गेलो. ट्रकमध्ये डाळिंबं होती.

"मिळाली ना?" अबू फहदनी फोनवर विचारलं. "या वर्षी फळ फार गोड आहे. माणसांना वाटून टाक."

मी वाटली. कुट्टीने विचारलं, ही कोणत्या खात्यात दाखवू? मी म्हटलं, पगार.

आता सालेहबद्दल. कॅम्पच्या फाटकासमोर त्याचं छोटं किराणा दुकान होतं, तिथे अशा दुकानाला बकाला म्हणतात. सालेह यमनी, चाळिशीचा, कमरेला लुंगी, दातात सदैव काडी. आमच्या कॅन्टीनमध्ये ज्या वस्तू नसत, तेल, औषधाच्या गोळ्या, घरी पाठवायची पाकिटं, त्या तो ठेवायचा. एका मुलाने गंमत म्हणून त्याच्यापुढे कूपन ठेवलं. सालेहने ते उन्हात धरलं, उलटसुलट केलं आणि गोळ्या दिल्या. संध्याकाळी तो स्वतः मेसमध्ये आला.

"सदीक," म्हणजे दोस्ता, "याचे पैसे कोण देणार?"

"मी," मी म्हटलं. "पगार आले की रोख."

"आणि हे काय?" त्याने ७८६ वर बोट ठेवलं. अरबांना हा आकडा ठाऊक नसतो. मामांनी समजावलं की बिस्मिल्लाच्या अक्षरांची ती बेरीज आहे. अल्लाचं नाव कुठेही पडू नये म्हणून आमच्याकडे नावाऐवजी आकडा लिहितात.

सालेह हसला. "अल्लाच्या नावाची बेरीज? तुम्ही हिंदी लोक फार हुशार. पण मग आकडाच आहे तर पडला म्हणून काय झालं?"

मामांनी कूपनाच्या मधोमध बोट ठेवलं. मग म्हणाले, "चित्र मशिदीचं आहे ना!"

सालेह कूपनं घेऊ लागला. यातून पुढे काय होणार याचा अंदाज मला यायला हवा होता, कारण माझी कूपनं खिडकीतून परत येण्यासाठी काढलेली होती. ती भिंतीपलीकडे जाऊन राहतील हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. त्याच सुमारास कुवेतहून दाऊद आला, आमच्या शेजारच्या गावचा, एका कुवेती शेठचा ड्रायव्हर. शेठला रियाधमध्ये सोडून तो कॅम्पवर आला तेव्हा त्याच्या पिशवीत कुवेती दिनार होते, जन्मभराची बचत. दोन महिन्यांपूर्वी त्यातल्या एका दिनाराला सराफ बारा-तेरा रियाल मोजून देत. आता सराफ नोट हातात घ्यायचा, बघायचा, परत द्यायचा. कुवेतमध्ये इराकी दिनार चालवायचा हुकूम झाला होता आणि जुन्या नोटांचं काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. दाऊद सालेहच्या दुकानासमोर बसून राहिला. मामांनी त्याला दोन कूपनं दिली. त्याने त्यावर चहा, पाव आणि टूथपेस्ट घेतली.

"मामू," तो मामांना म्हणाला, "राजमुद्रा असलेली नोट चालेना, आणि वेळशेतच्या मशिदीची पावती चालते?"

"मशीद पळून जात नाही," मामा म्हणाले.

ऐकायला बरं वाटलं. सप्टेंबर संपता संपता सालेहच्या गल्ल्यात आमची दीड हजारावर रियालची कूपनं जमली होती, ते मला मात्र बरं वाटत नव्हतं.

यमनी लोकांना सौदीत तोवर कफील, म्हणजे जामीन राहणारा सौदी माणूस, लागत नसे. दुकान त्यांच्या नावावर, माणसं स्वतंत्र. युद्धात त्यांच्या सरकारने कोणाची बाजू घेतली यावरून तो नियम बदलला. कफील शोधा नाहीतर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत देश सोडा. सालेहने दोन-तीन ठिकाणी विचारलं. कफील व्हायला तयार असलेला माणूस अर्धं दुकान मागत होता. सालेहने दुकान मिळेल त्या किमतीला, म्हणजे जवळजवळ फुकटात, विकलं. अल सुलैच्या ट्रकअड्ड्यावरून जिझानमार्गे सरहद्दीकडे जाणाऱ्या एका ट्रकात त्याने बायको, तीन मुली आणि सामान यांच्यासाठी जागा ठरवली. ट्रकवाला आगाऊ रोख मागत होता.

सालेह मेसमध्ये आला, कापडात बांधलेली कूपनं टेबलावर ठेवली. काडी दातात नव्हती.

"सदीक, शनिवारी निघायचं आहे." पैसे मिळतील तेव्हा कूपनं देतो म्हणत तो गाठोडं परत घेऊन गेला.

मी ताइफला फोन लावला. बुक्रा. दुसऱ्या दिवशी लावला. मालक बागेत गेले होते. तिसऱ्या दिवशी अबू फहद स्वतः आले फोनवर आणि म्हणाले, "यमनी माणूस ना? तो तर चाललाच आहे." फोन ठेवल्यावर कुट्टी आणि मामा माझ्याकडे पाहत होते. त्या वेळी कॅम्पमध्ये कोणाकडे रोख रियाल असतील तर ते एकाच ठिकाणी होते, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं : मामांच्या पेटीत, मशिदीच्या स्लॅबसाठी.

शुक्रवारी नमाजानंतर गावची माणसं मेसमध्ये जमली. मामांनी पेटी मध्ये ठेवली आणि सरळ सांगितलं की यातून सालेहचे पैसे द्यायचे.

"मामा, तो स्लॅबचा पैसा आहे," एक जण म्हणाला.

"अबू फहदचं कर्ज मशिदीने का फेडायचं?" दुसरा म्हणाला. आणि खरं सांगतो, माझं मतही तेच होतं. मी तसं बोललोही. खाती वेगळी ठेवायची असतात, एकदा मिसळली की कयामतपर्यंत सुटत नाहीत.

मामांनी डब्यातलं एक कूपन उचललं. "कागद कोणाचा? चित्र कोणाचं? तो यमनी तेल देत होता, गोळ्या देत होता, ते काय अबू फहदला बघून? अबू फहदला त्याने बघितलंय तरी का? त्याने हे बघितलं आणि माल दिला. आता तो मुलींना घेऊन रस्त्यावर निघालाय, आणि आपण त्याला सांगायचं की मशिदीचं चित्र नुसतं चित्र होतं?"

मग ज्याने स्लॅबचं काढलं होतं तोच म्हणाला, "द्या. पण अबू फहदकडून वसूल करायचं इब्राहिमभायने."

म्हणजे आलं माझ्यावर. ठीक. मी मामांना म्हटलं, "निदान मला पेटीतून रक्कम काढल्याची पावती द्या."

"पावत्या सगळ्या तूच संपवल्यास," मामा म्हणाले. "आता पावती कुठून आणू?"

शनिवारी सकाळी आम्ही दोघं ट्रकअड्ड्यावर गेलो. शंभरेक ट्रक, त्यावर फ्रिज, गाद्या, शिवणयंत्रं, एकावर तर बकऱ्या. प्रत्येक ट्रक यमनी, प्रत्येकाजवळ सालेह नावाचा कोणीतरी. आमचा सालेह सापडला तेव्हा ट्रकवाला त्याच्यावर ओरडत होता आणि मुली सामानावर बसलेल्या. मामांनी ॲप्रनच्या खिशातून पाकीट काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

मी म्हटलं, "मोजून घ्या. आणि कूपनं द्या, नंबराने."

"इब्राहिम!" मामा म्हणाले.

"मामा, हिशेब आहे."

सालेहने पाकीट उघडलं नाही. ट्रकवाल्याला त्यातले हवे तेवढे दिले, उरलेले आत घातले, आणि कूपनांचं गाठोडं शोधायला सामानात हात घातला. ते कुठल्यातरी गादीखाली गेलं होतं. ट्रक सुरू झाला. "यल्ला, यल्ला!" ट्रकवाला ओरडला. सालेहने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले, मग छातीवर ठेवले. ट्रक गेला. पैसे गेले, कूपनंही गेली. आयुष्यात मी इतका अपुरा व्यवहार कधी केला नाही.

जानेवारीत लढाई सुरू झाली, रियाधवर क्षेपणास्त्रं आली, आणि एक नवीनच ताप झाला. मुलांनी उरलेली कूपनं खर्च करणं बंद केलं. पासपोर्टात, उशीखाली, गळ्यातल्या पिशवीत ठेवू लागले. रोमेलनेसुद्धा एक ठेवलं, बुटात नव्हे, शर्टाच्या खिशात. मी समजावून थकलो की हे जेवणाचं कूपन आहे, ताबीज नव्हे. एक जण म्हणाला, "भाय, गोदामावर काही पडलं का? मग?"

लढाई संपली आणि अबू फहद रमजानमध्ये परत आले, चेकबुकासह, तब्येतीने थोडे जाड. पगार झाले. मशिदीचे पैसे मी त्यांच्याकडून वसूल केले, तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्त्याला पाच फोन. स्लॅब पडला. ताबीज झालेली कूपनंही मी माणूस गाठून, पगाराच्या पाकिटासमोर बसवून, एकेक परत घेतली. बाकी राहिलं सालेहचं गाठोडं. कुट्टी म्हणाला, सोडून द्या. मी सोडलं नाही, पण करण्यासारखं काही नव्हतंही.

मग एक दिवस जिझानच्या एका हॉटेलात काम करणारा आमच्याकडचा माणूस रियाधला आला आणि त्याने मामांना एक कापडी पुडकं दिलं. सरहद्दीपलीकडून माल आणणाऱ्या कोणीतरी त्याच्याकडे दिलं होतं. आत कूपनं, नंबराच्या क्रमाने लावलेली. मी तिथेच मोजली. एक कमी. त्या जागी पाच रियालची नोट, आणि चिठ्ठी : एक मी ठेवून घेतलं आहे, धाकटी देत नाही, त्याचे पैसे सोबत.

मला इतका आनंद क्वचितच झाला असेल. हिशेब जुळला होता, रियालला रियाल. मी म्हटलं, "मामा, खलास! झालं एकदाचं."

मामांनी नोट उचलली. "हे आपल्याला घेता येत नाही."

"का नाही? त्याने कूपन ठेवलं, पैसे दिले."

"पोरीने मशिदीचा कागद जवळ ठेवला, आणि आपण त्याचे पैसे घ्यायचे? मशिदीचा कागद आपण विकतो का?"

"मामा, तो हिशेब..."

"हिशेब तुझा. कागद मशिदीचा. ही नोट सालेहला परत गेली पाहिजे. ती पोचल्याशिवाय डबा खाडीत सोडायचा नाही."

जिझानच्या माणसाने सांगितलं, तो मालवाला पुन्हा दिसला नाही. मामा गावी परतले, मीही परतलो. पुढच्या वर्षी मामा गेले. जायच्या दोन दिवस आधी मी भेटायला गेलो तर तब्येतीचं बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "नोट गेली का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान फिरवली.

बिस्किटांचा तो डबा माझ्या माळ्यावर आहे. दर पावसाळ्यापूर्वी मी तो खाली काढतो, वाळवी लागली नाही ना बघतो आणि परत ठेवतो. माझी बायको सकीना दर वेळी विचारते, "पाच रियालसाठी किती वर्षं ही धूळ झाडायची? भरती बघा आणि सोडून या एकदाचं." तिचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. मीही आयुष्यभर तसाच बोलत आलो.

तर वाचकांपैकी कोणाचा मुलगा, जावई, शेजारी जिझानकडे नोकरीला असेल आणि तिथून सरहद्दीपलीकडच्या गावांत माल नेणारा एखादा माणूस त्याच्या ओळखीचा असेल, तर मला जरूर कळवावं. माणसाचं नाव सालेह. रियाधमध्ये अल सुलैला दुकान होतं, लुंगी नेसतो, दातात काडी. तीन मुली; धाकटीजवळ गुलाबी कागदाची एक पावती असेल, वर ७८६, मधोमध मशीद, खाली माझी सही. पावती परत मागायची नाही. फक्त नोट द्यायची आहे.